ढगातला ठिपका

अण्णा, पॅराग्लायडर म्हणजे काय हे आधी सांगते, नाहीतर पुढचं काही तुम्हाला कळायचं नाही. एक लांबट, कमानीसारखं कापड असतं, आपल्या डोंबिवलीच्या दोन्ही खोल्यांत मिळून मावणार नाही एवढं. त्याला खाली बारीक दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या शेवटी बसायची झोळी. माणूस ती झोळी अंगाला बांधून टेकडीच्या उतारावर धावत सुटतो, कापडात वारा भरतो, आणि धावता धावता त्याचे पाय जमिनीवरून सुटतात. इंजिन नाही, आवाज नाही. खडवलीहून आत गेलं की एक बोडकी टेकडी आहे. तिथे रविवारी सकाळी काही माणसं हा उद्योग करतात आणि मी त्यांचे फोटो काढते. कुणी पडतं का, पैसे किती लागतात, तुम्हाला या वयात हे कुणी सांगितलंय, असे प्रश्न मला लोक विचारतात. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं असतंत, 'आभाळ कसं होतं?' आभाळ ढगाळ होतं. म्हणूनच लिहायला बसले आहे.

तुम्ही गेल्यावर मी कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यातच निवृत्त होईपर्यंत राहिले. बी.एस्सी. होऊन मी तिथे लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'म्हणजे केमिकलचा वास काही आपल्या घरातून जात नाही.' रंग देऊन वाळवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या दिव्याखाली तिरक्या धरायच्या आणि कण, फोड, डाग दिसतो का ते बघायचं, हे माझं काम. डाग दिसला की अख्खा माल परत. खालची माणसं मला घाबरून असत. माझ्यामागे मला 'भिंग' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही दिसलं नाही. आता तो कारखाना नाही. त्याच्या जागेवर उंच इमारती आल्या, त्यांतल्याच एकीत वरच्या मजल्यावर मी राहते. खिडकीतून खाडी दिसते. दिवसभरात माझ्याशी बोलतं कोण, तर लिफ्टमधे 'गुड मॉर्निंग आंटी' म्हणणारी मुलं आणि कचरा न्यायला येणारी बाई. कॅमेरा घेतला तो हातात काहीतरी असावं म्हणून. हातात कॅमेरा असला की एकटी बाई कुठेही कितीही वेळ उभी राहू शकते. 'कुणाची वाट बघताय?' असं तिला कुणी विचारत नाही.

खाडीवरचे पक्षी काढून झाले, तेव्हा नदीकाठी काही मिळेल म्हणून खडवलीला गेले. पाण्यात बगळा उभा होता, त्याच्यावर फोकस लावला, आणि बगळ्याच्या मागे टेकडीआडून एक पिवळं कापड वर आलं. त्याखाली पाय हलवणारा माणूस. बगळा उडून गेला तरी मी तिकडेच बघत राहिले. त्या दिवशी उतरलेल्या माणसाला त्याचा फोटो दाखवला, त्याने तो सगळ्यांना दाखवला, आणि पुढच्या रविवारी त्यांचे शिकवणारे सर म्हणाले, 'मॅडम, या तुम्ही. चहा आमच्याकडे.' फोटो बरे येतात म्हणून ते मला धरून आहेत, हे मला समजतं. पण धरून आहेत.

त्यांच्यात कळव्याची एक सिस्टर आहे. हॉस्पिटलात नर्स आहे, पन्नाशीला टेकलेली, आवाज वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. पहिल्याच दिवशी ती डबा उघडून माझ्या शेजारी दगडावर बसली.

'घ्या मॅडम. सुकटीची चटणी आहे. खाता ना?'

'नाही खात.'

'मग भाकरी घ्या. भाकरीने काय घोडं मारलंय?'

मी भाकरी घेतली. पुढच्या रविवारी तिने शेंगदाण्याची चटणी आणली आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून मी रविवारी घरून खाऊन निघत नाही. तिला ते कळलं असावं, कारण भाकऱ्या वाढल्या.

ती महिनोन् महिने नुसतं जमिनीवरच शिकत होती. कापड डोक्यावर उभं करायचं, धावायचं, थांबायचं. टेकडीवरून सोडायला सर तयार नव्हते. 'घरी पोरगी विचारते, आई, तू उडायला जातेस की पळायला?' हे तिनेच मला हसत हसत सांगितलं, आणि मग हसणं बंद करून म्हणाली, 'मॅडम, ज्या दिवशी वर जाईन ना, त्या दिवशी माझा एक फोटो पाहिजे. तोंड नाही दिसलं तरी चालेल. तोंड रोज बघतात घरचे. मी वर आहे एवढं दिसलं पाहिजे.'

'आधी वर जा तर.'

'जरा जिभेवर साखर ठेवा हो मॅडम.'

आता ढगांचं. ढगाळ आभाळ कॅमेऱ्याला फसवतं, हे तुमच्यासारख्या फोटोग्राफरला मी काय सांगणार. सगळीकडून उजेड येतो, कॅमेरा घाबरून सगळं काळवंडून टाकतो, आणि लालभडक कापडसुद्धा कावळ्यासारखं दिसतं. प्रकाश मुद्दाम जास्त घ्यावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तुमचं ऐकून ऐकून माहीत होतं. तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवतो. त्यात ढगांच्या निगेटिव्ह. श्रावणात एखादं चांगलं आभाळ आलं की स्टुडिओ उघडा टाकून तुम्ही गच्चीवर जायचात, आणि मी मागून छत्री घेऊन. बाहेर काढलेल्या फोटोंत आभाळ पांढरं फटक येई, मग छापताना त्यावर तुम्ही डब्यातला ढग घालत असा. 'कोरं आभाळ असलं की माणूस भिंतीला चिकटवल्यासारखा दिसतो.' अर्ध्या डोंबिवलीच्या मुंजी आणि लग्नं एकाच ढगाखाली लागली आहेत, असं मी म्हणायची, आणि तुम्ही हसत नसा. आता ते काम कॉम्प्युटरवर एका बटणात होतं. हवा तो ढग, हवा तो सूर्यास्त. मी ते बटण दाबत नाही. ज्या दिवशी जे आभाळ होतं तेच ठेवते, आणि इतरांनी बदललेलं असलं की ओळखते आणि तोंडावर सांगते. मी फक्त साफसफाई करते. कॅमेऱ्याच्या आत काचेवर धूळ बसते, तिचे करडे ठिपके नेमके आभाळात उठून दिसतात. ठिपक्यावर टिचकी मारली की शेजारचा ढग त्यावर पसरतो. मन लागतं त्यात. तासन् तास जातात.

त्या रविवारी हिवाळ्यात अवकाळी ढग आले होते. खालून सपाट, वर कापूस पिंजल्यासारखे. वारा पडेल म्हणून उडायला मिळेल अशी कुणाला आशा नव्हती, आणि मी लांबची लेन्स काढून छोटी लावत होते. लेन्सचं झाकण दातांत, एक लेन्स काखेत. तेवढ्यात वारा नीट झाला आणि वरून सरांचा आवाज आला, 'पळ, पळ, पळ, थांबू नको.' मान वर केली तोवर सिस्टर गेली होती. निळं कापड माझ्या डोक्यावरून नदीकडे. मी पटापट छोट्या लेन्सनेच आभाळ घेतलं, आणखी दोघं-तिघं जवळच उडत होते, तेही फोटोत आले. मग ती मला दिसेनाशी झाली. मला वाटलं, टेकडीआड उतरली. उतरली होती, पण बऱ्याच वेळाने, पलीकडच्या भातखाचरात. शेवटच्या पावलाला बांध आडवा आला आणि पाऊल मोडलं. तिला जीपमधे घातली तेव्हा ती वेदनेने पांढरी पडली होती आणि हसत होती. 'मॅडम, काढला ना?' मी म्हटलं, 'काढलाय.' तिच्या घरच्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की आता पुरे. म्हणजे दुसरा फोटो कधी मिळणार नव्हता.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसले. सगळ्यांत चांगली निघाली ती एकच फ्रेम, रुंद. खाली टेकडीची कड, मधे पिवळं आणि लाल कापड, आणि मागे तुमच्या डब्यात ठेवावा असा ढग. टेकडीवर वाऱ्यात लेन्स उघडी टाकल्यामुळे धूळ भरपूर बसली होती. मी एक एक ठिपका टिपत गेले. आभाळ लख्ख केलं आणि सगळ्यांना पाठवलं. मोबाइलवर कौतुकाचा पाऊस. दोन दिवसांनी सिस्टरचा फोन.

'मॅडम, फोटो झकास. घरी सगळ्यांना दाखवला. पण मी कुठेय त्यात?'

'तू फ्रेममधे नव्हतीस.'

'नाय कसं? मी होते की तिकडेच.'

'नव्हतीस. मी नीट बघितलंय.'

'बरं,' ती म्हणाली. ज्या बाईचा आवाज वॉर्डभर जातो, तिचं ते 'बरं' मी फोन ठेवल्यावरही ऐकत होते.

मग मी त्या वेळचे सगळे मूळ फोटो एकापुढे एक लावले. धुळीचं एक असतं, अण्णा. ती काचेवर बसलेली असते, म्हणून प्रत्येक फोटोत नेमकी त्याच जागी असते. सगळे ठिपके जागच्या जागी होते. एक नव्हता. उजवीकडे वर, ढगाच्या सपाट पोटाखाली, पहिल्या फोटोत इथे, पुढच्यात जरा डावीकडे, त्याच्या पुढच्यात आणखी नदीकडे. धूळ चालत नाही. मोठा करून बघितला. करडा, कडा विरलेल्या, पण वर रुंद आणि खाली लोंबतं काहीतरी. मी तिला पुसलं होतं. टिचकीसरशी शेजारचा ढग ओढून तिच्यावर घातला होता.

तेव्हा मला स्टुडिओची मागची खोली दिसली. पूर्वीचं ते स्वयंपाकघर, ओट्यावर औषधांचे ट्रे, फडताळात मसाल्यांच्या जागी तपकिरी बाटल्या. मी शाळेत आहे, सुट्टी आहे, आणि तुम्ही मला छापलेल्या फोटोंची साफसफाई शिकवताय. पांढरे ठिपके ब्रश जिभेवर ओला करून शाईने भरायचे, काळे ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायचे. माझा हात चांगला आहे, तुम्ही तसं म्हणालाही आहात, म्हणून मी खुशीत आहे. जवळच्या गावातली एक म्हातारी फोटो न्यायला येते. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर सगळे दागिने घालून काढलेला फोटो. ती तो डोळ्यांपाशी धरते, लांब धरते. 'माजा गोंदण कुठं गेला गो?' हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके. मी ते फार सफाईने खरवडले आहेत. 'दागिनं हितंच ऱ्हातात पोरी, ह्ये वर येतं बरोबर,' ती म्हणते, रागाने नाही. तुम्ही मला तिच्यासमोर बोलत नाही. तिला परत फोटो छापून द्यायचं कबूल करता, ती गेल्यावर माझ्या हातातून ब्लेड काढून घेता आणि म्हणता, 'शंका आली तर विचारायचं. शंका नाही आली तरी विचारायचं.' पुढचा महिनाभर मला ब्लेड मिळत नाही.

हे तुमचं वाक्य मी कारखान्यात नव्या मुलांना माझं म्हणून सांगितलं. घरी तुमच्याविरुद्ध वापरायला मात्र कधी काढलं नाही. आज काढते.

आई गेल्यानंतर माझ्या लग्नाचं सगळं तुमच्याच अंगावर आलं. तुम्हाला ते जमत नव्हतं, हे मला दिसत होतं. तुम्हाला फोटो काढणं जमत होतं, म्हणून तुम्ही माझा फोटो काढलात. पडद्यासमोर बसवून हनुवटी जरा वर, डावा खांदा मागे. नंतर बरेच दिवस तुम्ही खिडकीपाशी निगेटिव्ह दुरुस्तीच्या त्या उतरत्या डेस्कवर बसलेले असायचात, आरशातून उजेड घेऊन, पेन्सिल पॉलिश पेपरवर सुईसारखी केलेली. गिऱ्हाइकाचं काम असेल असं मला वाटलं. फोटो पाठवला गेला तेव्हा मी तो नीट पाहिलासुद्धा नव्हता. मग ती माणसं आली. मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे. 'फोटोत नव्हतं हो हे.' वाईट बाई नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं. माझ्या उजव्या गालावरची चिंचोक्याएवढी जन्मखूण, जी घेऊन मी शाळेत, कॉलेजात, सगळीकडे गेले, आणि जी घरात कधी विषयसुद्धा नव्हती, ती त्या फोटोत नव्हती. तुम्ही म्हणालात, 'प्रकाशाने फरक पडतो कधी कधी.' पोह्यांची बशी हातात घेऊन मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही बशीकडे बघत होतात.

फोटो आणि पत्रिका आठवड्याने पोस्टाने परत आली. मी म्हटलं, 'यापुढे माझा फोटो कुणाला द्यायचा नाही.' तुम्ही 'बरं' म्हणालात. तुम्ही शब्द पाळलात, जरा जास्तच. त्यानंतर तुम्ही माझा एकही फोटो काढला नाहीत. फोटोग्राफरच्या मुलीचा पंचविशीनंतरचा फोटो म्हणजे कंपनीचं ओळखपत्र आणि आधार कार्ड.

परवा मी मूळ फोटोवरून परत काम केलं. धूळ काढली, सिस्टर ठेवली. मोठा छापून घेतला आणि कळव्याला गेले. न कळवता. कळवलं असतं तर मी गेले नसते. दार तिच्या मुलीने उघडलं. सिस्टर पलंगावर, प्लास्टरमधला पाय उशीवर.

'अगंबाई, मॅडम. पेशंटकडे येताना केळी आणतात हो, फोटो काय आणलात?'

मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकाने, न टेकवता, ठिपका दाखवला. मुलगी वाकून बघायला लागली. 'ही आई? हा तर मच्छर बसलाय काचेवर.'

'असू दे मच्छर. तू त्या मच्छराच्याच पोटची.'

मी म्हटलं, 'त्या दिवशी फोनवर तुला चुकीचं सांगितलं. तू फ्रेममधे होतीस. मी पुसलं तुला. धूळ समजून.'

मुलीचं हसू थांबलं. सिस्टरने फोटो उचलून डोळ्यांपाशी धरला. मला वाटलं होतं ती नेहमीसारखं काहीतरी बोलेल आणि उडवून लावेल. तसं झालं नाही.

'एकदा विचारायचं ना, मॅडम. मला माहीत होतं मी कुठे होते ते. बरोब्बर नदीच्या वर होते. खाली पाण्यात हेच ढग दिसत होते मला. मी नाहीच म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं, मी खरंच गेलेले का एवढी वर.' मग मुलीकडे वळून म्हणाली, 'चहा टाक गं.'

चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. निघताना तिने विचारलं, 'रविवारी जाणार टेकडीवर?' तू नसलीस तर मी तिथे दगडावर एकटी बसून काय करू, असं म्हणणं मला जमत नाही. मी म्हटलं, 'बघू.' ती म्हणाली, 'पोरीकडे भाकरी पाठवते स्टेशनवर. उपाशी नका जाऊ.'

घरी आले आणि कपाटातून ते पाकीट काढलं. माझी ती निगेटिव्ह त्यात आहे, स्टुडिओ आवरताना मी एवढीच उचलली होती. खिडकीच्या काचेला लावून भिंगाने बघितली. गालावरची खूण झाकणाऱ्या तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, स्वल्पविरामासारख्या बारीक, एकीवर दुसरी नाही. इतक्या सावकाश कुणी माझ्या गालाला हात लावल्याचं मला आठवत नाही. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की त्या साफ निघतात, हे मी बी.एस्सी.च्याही आधीपासून जाणते. बाटली घरात नेहमी असते. इतक्या वर्षांत बोळा फिरवला नाही, आजही फिरवला नाही.

तरी तुम्ही विचारायला हवं होतं. हे मी सोडणार नाही. लिहिलेलं पाठवायला पत्ता नाही, म्हणून त्याच पाकिटात, निगेटिव्हला चिकटणार नाही असं, मधे बटर पेपर घालून ठेवते. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. खूण काढू का, असं विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते, असं आजवर स्वतःला सांगत आले. तसं नाही, अण्णा. मी 'काढा' म्हणाले असते.